त्या आईनं डॉक्टरांचं ऐकलं नाही, मी ऐकलं

«ताई, मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर अमेरिकेत आले, आता बरीच वर्षं फ्लोरिडात आहोत. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळतो. संघातल्या मुलांचा एक प्रार्थनागट आहे. आपण हिंदू असलो तरी मित्र जातात म्हणून तोही जातो, आमची कधी हरकत नव्हती. गेल्या महिन्यात तिथे त्यांना टिम टिबो हा फुटबॉलपटू आणि त्याची आई यांची सुपर बोलमधली, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातली, जुनी जाहिरात दाखवली आणि तिच्यामागची गोष्ट सांगितली. घरी येऊन त्यानं ती मला फोनवर दाखवली. म्हणाला, "आई, डॉक्टर सांगत होते अबॉर्शन कर, तरी तिनं ऐकलं नाही. किती ब्रेव्ह ना!" मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

त्याच्याआधी मला दिवस गेले होते हे त्याला माहीत नाही. 2007 साल होतं. पाचव्या महिन्यात पाणमोट फुटली. मग ताप चढला, हुडहुडी भरली. डॉक्टर म्हणाले, बाळ वाचण्याची शक्यता नाही, आणि थांबलो तर तुमच्याही जिवाला धोका आहे. मी सही केली. मुलगी होती. गावाकडे आम्ही "आपोआप पडलं" एवढंच कळवलं. खरं काय ते फक्त मला आणि मिस्टरांना माहीत आहे.

ही जाहिरात 2010 साली लागली तेव्हा मी ती मित्रांच्या घरी पाहिली होती, मुलगा मांडीवर होता. तेव्हा काही कळलंच नाही, आईलेकाची मस्करी बघून हसले होते. आता झोप लागत नाही. त्या आईनं डॉक्टरांचं ऐकलं नाही आणि तिचा मुलगा केवढा खेळाडू झाला. मी ऐकलं. मी घाबरट होते का? मुलाला सांगू का? कोचकडे तक्रार करू का? खेळाडूंनी अशा विषयात पडावंच का? आणि डिसेंबरात आम्ही साताऱ्याला जाणार आहोत, सासूबाईंना आता तरी खरं सांगावं का?»

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांतला एक आधी घेते, कारण बाकीचे त्याच्याच आडोशाला उभे आहेत. नाही, तुम्ही घाबरट नव्हता.

पाचव्या महिन्यात पाणमोट फुटली आणि आत जंतुसंसर्ग झाला, तर नुसत्या औषधांनी तो हटत नाही. अँटिबायोटिक सुरू करतात, पण गर्भाशय रिकामं करावंच लागतं. नाहीतर संसर्ग रक्तात उतरतो आणि मग काही तासांत सगळं हाताबाहेर जाऊ शकतं. त्या वयाच्या बाळाची फुप्फुसं बाहेरच्या हवेत श्वास घेण्याइतकी तयार नसतात. म्हणजे तुमच्यासमोर "बाळ की मी" असा प्रश्न नव्हताच. बाळ जाणारच होतं. तिच्यासोबत तुम्हीही जायचं का, एवढाच प्रश्न उरला होता.

सविता हलप्पनवार हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवेला राहायची. ऑक्टोबर 2012 मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. तो टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तिनं गर्भपात करून द्या म्हणून विनंती केली. बाळाचे ठोके चालू आहेत, तोवर इथल्या कायद्यानं करता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. 28 ऑक्टोबरला ती रक्तात पसरलेल्या संसर्गानं गेली. 31 वर्षांची होती. तिच्या मृत्यूनं तो देश हादरला, आणि 25 मे 2018 च्या सार्वमतात 66 टक्क्यांहून अधिक लोकांनी घटनेतली ती बंदी काढून टाकायला कौल दिला. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. त्या रात्री तुमच्यासमोर जो कागद आला तो सवितासमोर आलाच नाही, आणि त्यामुळे काय झालं हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. तुमच्या डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. हुडहुडी भरलेली असताना तुम्ही त्यांचं म्हणणं समजून घेतलंत आणि निर्णय घेतलात.

आता त्या दुसऱ्या आईकडे येते. पॅम टिबो आणि त्यांचे पती फिलिपिन्समध्ये ख्रिस्ती धर्मप्रचाराचं काम करत होते. पाचव्या मुलाच्या वेळी त्यांना अमीबाची हगवण झाली, त्यावर कडक औषधं झाली, बाळाला पोसणारी वार गर्भाशयापासून सुटायला लागली, आणि डॉक्टरांनी गर्भपाताचा सल्ला दिला, असं त्या सांगतात. त्यांनी तो मानला नाही. 14 ऑगस्ट 1987 ला मकाती शहरात टिमचा जन्म झाला. 2010 मध्ये एका नामवंत वकील बाईंनी मुद्दा काढला होता की फिलिपिन्समध्ये गर्भपात हा 1930 च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे, मग डॉक्टर असा सल्ला देतील कसे. मला त्या वाटेनं जायचं नाही. एका आईच्या बाळंतपणाच्या आठवणीची उलटतपासणी मी करणार नाही. त्यांनी धोका पत्करला, तो त्यांचा होता, आणि त्यांना तो पत्करण्याचा पूर्ण हक्क होता. पण त्यांचं दुखणं वेगळं आणि तुमचं वेगळं, हे आधी मनात पक्कं करा. वार सुटणं हे कमीजास्त असतं. थोडी सुटली असेल तर देखरेखीखाली, अंथरुणाला खिळून, कधीकधी दिवस पुरे होतात. जास्त सुटली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. त्यांच्या बाबतीत आशेला काही जागा होती. पाणमोट फुटून ताप आल्यावर तुमच्या बाबतीत ती उरली नव्हती. या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवून कोण शूर ते ठरवता येत नाही.

पण जाहिरात नेमकं तेच करायला लावते, आणि गर्भपाताबद्दल एक शब्दही न बोलता. 2010 मध्ये तुम्हाला काही कळलं नाही यात तुमचा भोळेपणा नाही. तिची रचनाच तशी आहे. 7 फेब्रुवारी 2010, मायामी, न्यू ऑर्लिन्स सेंट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा सामना. अमेरिकेत 10 कोटी 65 लाख लोकांनी तो पाहिला, तोपर्यंतच्या अमेरिकन टीव्हीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग होता. 30 सेकंदांच्या जाहिरातीचा भाव त्या वर्षी 25 लाख डॉलर आणि वर सांगितला जात होता. पैसे कोलोराडो स्प्रिंग्जच्या फोकस ऑन द फॅमिली या संस्थेनं भरले होते. गर्भपातावर बंदी यावी म्हणून ही संस्था वर्षानुवर्षं झटते आहे. आणि पडद्यावर काय? पांढऱ्या पार्श्वभूमीवर हातात बाळाचा फोटो धरलेली आई म्हणते, हे माझं चमत्काराचं बाळ, हा या जगात जवळजवळ आलाच नव्हता. तेवढ्यात टिम बाजूनं येऊन तिला मैदानातल्यासारखा टॅकल करतो, ती उठून त्याला दटावते. शेवटी पूर्ण गोष्टीसाठी वेबसाइटचा पत्ता. गर्भपाताचं नावही नाही. त्याआधी तीनचार आठवडे वर्तमानपत्रांत एवढा गदारोळ झाला होता की ज्यांना अर्थ कळायचा त्यांना कळला, बाकीचे तुमच्यासारखे हसले.

या जाहिरातीचा सगळा जोर टिम कोण आहे यावर आहे. विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी 2007 मध्ये त्याला मिळाली होती, आणि विद्यापीठाच्या दुसऱ्याच वर्षात ती मिळवणारा तो पहिला खेळाडू होता. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाबरोबर त्यानं दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं पाहिली. जॅक्सनव्हिलच्या बाजूचा मुलगा, म्हणजे तुमच्या राज्याचा लाडका. टिव्हीवर तो दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात हिशेब आपोआप होतो: डॉक्टरांचं ऐकलं असतं तर हा मिळाला नसता. पण समजा टिम जॅक्सनव्हिलमध्ये फर्निचर बनवणारा साधा सुतार झाला असता, तर त्याच्या आईचा निर्णय कमी मोलाचा ठरला असता का? तिच्या स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे अजिबात नाही. तिच्या मते प्रत्येक जीव मोलाचा, ट्रॉफी असो वा नसो. मग ट्रॉफीवाल्यालाच का पुढे करायचं? कारण नाहीतर कोणी थांबून पाहिलं नसतं. माझ्या मते ही त्या जाहिरातीतली खरी खोट आहे, आणि ती राजकारणाच्याही आधीची आहे. आईनं अंधारात, काय होईल ते ठाऊक नसताना घेतलेला निर्णय बावीस वर्षांनी लागलेल्या निकालावरून बरोबर ठरवायचा, ही पद्धतच चूक. ती पद्धत मान्य केली की तुमच्यासारख्या सगळ्या आया आपोआप नापास होतात, कारण त्यांच्याकडे दाखवायला कोणी खेळाडू नसतो. आणि ज्यांनी डॉक्टरांचं ऐकलं नाही आणि ज्या त्यातच गेल्या, त्या तर पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर उभ्या राहून काही सांगूच शकत नाहीत.

टिमवर माझा राग नाही, हे मनापासून लिहिते. त्यानं 2010 मध्येच स्वतःची संस्था काढली, आणि त्या संस्थेतर्फे विशेष गरजा असलेल्या मुलामाणसांसाठी दरवर्षी चर्चमधून नाचगाण्याची मोठी रात्र होते, त्यांना राजाराणीसारखं नटवून मान दिला जातो. ज्यांना कुठलीच ट्रॉफी मिळणार नाही अशांसाठी हा माणूस राबतो. म्हणून म्हणते, त्या 30 सेकंदांपेक्षा त्याचं पुढचं आयुष्यच त्याच्या श्रद्धेबद्दल जास्त खरं बोलतं.

खेळाडूंनी या विषयात पडावं का? पडावं. ते नागरिक आहेत, लेकी आहेत, मुलगे आहेत. त्या वेळी टिमनं पत्रकारांना सांगितलं होतं की सगळ्यांना हे पटणार नाही, पण मी मानतो त्याच्या बाजूनं उभा राहतो एवढ्याचा तरी आदर करा. ही मागणी मला रास्त वाटते. वॉशिंग्टन पोस्टच्या क्रीडा स्तंभलेखिका सॅली जेन्किन्स स्वतः गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या, पण त्यांनी तेव्हा त्याचीच पाठराखण केली होती. महिला संघटनांनी मात्र जाहिरात दाखवूच नका म्हणून सीबीएस वाहिनीवर दबाव आणला, तोही ती पाहण्याआधी. मी त्या संघटनांच्या बाजूची आहे, तरी मला ते चुकलं असं वाटतं. त्यांचा राग कशामुळे होता ते समजतं: याच सीबीएसनं 2004 मध्ये एका चर्चची जाहिरात नाकारली होती, समलिंगी माणसांचंही आमच्याकडे स्वागत आहे असं सांगणारी. तेव्हा वादाचा विषय म्हणून दार बंद, आणि आता उघडं. हा दुजाभाव होता आणि त्याबद्दल वाहिनीला धारेवर धरणं योग्यच होतं. पण "दाखवू नका" या मागणीनं त्या संस्थेला फुकटची कितीतरी प्रसिद्धी मिळाली.

त्यापेक्षा चांगलं उत्तर त्याच आठवड्यात आलं होतं, आणि ते कुणाला फारसं आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. कुटुंबनियोजन आणि गर्भपाताच्या सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहुड या संस्थेनं एक छोटी फिल्म काढली. तिच्यात दोन पुरुष खेळाडू होते: 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीचं सुवर्ण जिंकणारे अल जॉयनर, आणि फुटबॉलपटू शॉन जेम्स. दोघांनी आपापल्या घरातल्या बायकांविषयी, आईविषयी, लेकीविषयी बोलून एवढंच म्हटलं की तिच्या आयुष्याचा निर्णय ती घेऊ शकते यावर आपण विश्वास ठेवायला हवा. टिमची निंदा नाही, त्याच्या आईची नाही. ती सुपर बोलमध्ये लागली नाही, इंटरनेटवरच राहिली. तुमच्या मुलाला ती जरूर दाखवा.

टिम पहिला नाही आणि शेवटचाही नाही. 2006 मध्ये मिसुरी राज्यात भ्रूणाच्या मूळपेशींवरच्या संशोधनावर मतदान होतं. तेव्हा सेंट लुइस कार्डिनल्सचा गोलंदाज जेफ सपान आणि फुटबॉलपटू कर्ट वॉर्नर त्या संशोधनाच्या विरोधातल्या जाहिरातीत आले, आणि तेही सपानचा संघ बेसबॉलची वर्ल्ड सिरीज खेळत असताना. मतदारांनी थोड्या फरकानं संशोधनाच्या बाजूनं कौल दिला. 2022 मध्ये कॅन्ससला राज्यघटनेतून गर्भपाताचं संरक्षण काढायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा कॅन्सस सिटी चीफ्स या फुटबॉल संघाचा किकर हॅरिसन बटकर काढण्याच्या बाजूच्या जाहिरातीत दिसला. तिथेही लोकांनी सुमारे 59 टक्क्यांनी नकार दिला. लोक खेळाडूवर जीव टाकतात, पण मत देताना स्वतःच्या घरातल्या लेकीसुनांचा विचार करतात, असं मला या दोन्ही निकालांवरून वाटतं.

आणि दुसऱ्या बाजूच्या खेळाडू? त्यांच्याबद्दल तुमच्या मुलाला त्या प्रार्थनागटात कोणी सांगणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. 2021 मध्ये मिसिसिपी राज्याच्या गर्भपातबंदीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होता. 24 जून 2022 ला याच खटल्याच्या निकालानं 1973 पासूनचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. त्या खटल्यात पाचशेहून अधिक महिला खेळाडू आणि प्रशिक्षकांनी सह्या करून न्यायालयाला निवेदन दिलं. सॉकरपटू मेगन रपिनो त्यांत होती. क्रिसी पेरहॅमही होती, 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारी जलतरणपटू. तिनं नाव देऊन सांगितलं की कॉलेजात शिष्यवृत्तीवर पोहत असताना तिनं गर्भपात केला होता, आणि पुढचं सगळं त्यामुळे शक्य झालं. फार धीराचं काम होतं ते. पण इथेही सावध राहा. "गर्भपात केला म्हणून पदक मिळालं" हे वाक्य "केला नाही म्हणून ट्रॉफी मिळाली" या वाक्याचंच जुळं भावंड आहे. पेरहॅमला पदक मिळालं नसतं तरी तिचा निर्णय तिचाच होता. निकाल दाखवून बायकांना आपला हक्क सिद्ध करावा लागतो, हे मला दोन्हीकडे सारखंच खटकतं.

तक्रारीचं आता. करू नका, निदान "हे दाखवणं बंद करा" अशी तर नकोच. फ्लोरिडात राहणाऱ्या बाईला याचं कारण वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे 1 मे 2024 पासून सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी आहे. आईचा जीव वाचवण्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्या वर्षी नोव्हेंबरात ती उठवण्यासाठी मतदान झालं, 57 टक्के मतं पडली, पण 60 लागत होती. त्या प्रचारात एक जाहिरात होती. गरोदरपणात मेंदूचा कर्करोग झालेली एक आई त्यात सांगत होती की या कायद्याखाली तिला जीव वाचवणारा गर्भपात करता आला नसता. ती ना खेळाडू, ना कुठली तारका. राज्याच्या आरोग्य खात्यानं टीव्ही केंद्रांना पत्रं पाठवून ती जाहिरात चालवली तर कारवाईची धमकी दिली. शेवटी केंद्रीय न्यायाधीशांनी खात्याला रोखलं. ज्या तत्त्वानं टिमच्या आईला बोलता आलं त्याच तत्त्वानं या आईलाही बोलता आलं. ते तत्त्व तुमच्या कामाचं आहे, त्याला आपणहून भोक पाडू नका.

कोचशी बोलायचंच असेल तर एवढंच विचारा: हा गट कोण चालवतं, आणि जो मुलगा जाणार नाही त्याच्या संघातल्या जागेवर काही परिणाम होतो का? 2022 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं वॉशिंग्टन राज्यातल्या एका शाळेच्या कोचला सामन्यानंतर मैदानावर स्वतःची प्रार्थना करण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. पण सरकारी शाळेत मुलांना त्यात ओढायला त्या निकालानं परवानगी दिलेली नाही. उत्तर नीट मिळालं तर तिथेच थांबा. मुलाला खेळू द्या, मित्रांत राहू द्या.

आता मुलगा. मला हा तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग वाटतो.

त्याला सांगावं असं माझं मत आहे, पण जाहिरातीला उत्तर म्हणून नव्हे. त्यानं "किती ब्रेव्ह" म्हटलं आणि तुम्ही तुमची गोष्ट पुढे केलीत, तर ती वादातला मुद्दा होईल, आणि सोळा वर्षांच्या पोराला आपण आईला काय बोलून बसलो याची शरम वाटेल. थोडे दिवस जाऊ द्या. आधी तुम्ही आणि मिस्टर बसून एकदा तरी त्या रात्रीबद्दल बोला. तुमच्या पत्रात ते "दोघांना माहीत आहे" एवढ्यापुरतेच येतात. मला शंका येते की इतक्या वर्षांत तुम्ही दोघं त्यावर नीट बोललाच नाहीत. त्यांचीही लेक होती ती.

मग मुलाला दोघांनी मिळून सांगा. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर नको, गाडीत किंवा चालताना बरं, म्हणजे त्याला तुमच्या डोळ्यांत बघत राहावं लागणार नाही. ज्या भाषेत तो रागावतो, रडतो, त्या भाषेत सांगा, मग ती इंग्रजी का असेना. सांगताना साधं ठेवा: "तुझ्याआधी मला एक बाळ होणार होतं. पाचव्या महिन्यात ते वाचणार नाही असं झालं, मला संसर्ग झाला, आणि माझा जीव वाचावा म्हणून डॉक्टरांनी गर्भपात केला. मी हो म्हणाले. मला तिची अजून आठवण येते." शेवटचं वाक्य गाळू नका. घाबरट होते का असं तुम्ही विचारलंत, पण मला तुमच्या पत्रात दुःख जास्त दिसलं, कधी कुणासमोर न रडता आलेलं. मुलालाही ते दुःख दिसू द्या.

टिमला कमी लेखू नका. तो त्याचा हिरो आहे, राहू दे. पॅम टिबोही शूर होत्या आणि आपली आईही, एवढं सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात मावतं. त्यानं काहीच न बोलता कानात इअरफोन घातले तर लगेच मागे लागू नका. तो परत येईल.

पण तो हुशार असेल तर परत येताना एक प्रश्न घेऊन येईल, त्याची तयारी आताच करा. 2007 आणि त्याचं जन्मवर्ष, दोन्ही तो मोजेल. ते बाळ जगलं असतं तर मी झालो असतो का? इथे बऱ्याच आया प्रेमानं म्हणून जातात, "बघ, ते घडलं म्हणून तर तू आलास." असं चुकूनही म्हणू नका. त्यात तोच जाहिरातीतला हिशेब आहे. त्यानं तो बहिणीच्या जागी उभा राहिलेला पोरगा होईल, आणि आपण तेवढे चांगले निघालो की नाही याचं ओझं जन्मभर वाहील. त्याला सांगा, तू कशाच्या बदल्यात आलेला नाहीस. तिचं जाणं वेगळं, तुझं येणं वेगळं, आणि दोन्ही आमच्या घरात घडलं. तुम्ही सही केली ती बरोबर होती, तो जन्मला नसता तरी बरोबर होती, तो संघातून उद्या बाहेर पडला तरी बरोबरच राहील.

ही गोष्ट मित्रांना सांगू नकोस, असंही त्याला मोकळेपणानं सांगा. लाजेची बाब आहे म्हणून नव्हे, तर ती तुमची आहे आणि कुणाला सांगायची ते तुम्ही ठरवाल म्हणून.

झोप लागत नाही असं लिहिलंत, ते पुढचे काही आठवडे तसंच राहिलं तर बाळ गमावलेल्या पालकांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं तर त्या नाव सुचवतील. इतक्या वर्षांनी कसं जायचं, असा संकोच करू नका.

सासूबाईंचा प्रश्न उरला. त्यांना नका सांगू. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे. आपल्याकडे मुलीचा गर्भ आणि गर्भपात हे दोन शब्द एकत्र आले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका कोणती येते हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मला वाटतं तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात त्याचं अर्धं कारण तेच आहे. ती शंका उगाच आलेली नाही. सोनोग्राफी करून मुली पाडण्याचं पाप आपल्या राज्यात इतकं बोकाळलं होतं की 1988 मध्ये महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि मग 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. पण त्या मोहिमांच्या घोषणांत एक गोष्ट मागे पडली: गर्भपात भारतात 1971 पासून कायदेशीर आहे, आणि आईच्या जिवाला धोका असेल तर ते कारण त्या कायद्याच्या अगदी पहिल्या कारणांत आहे. लिंगनिदान हा गुन्हा, तुमचा तो उपचार. हा फरक सासूबाईंना समजावत, प्रत्येक चुलतसासूच्या नजरेला तोंड देत, तुमची सुट्टी जायला नको. ज्या दिवशी तुम्हाला स्वतःला त्यांच्याजवळ ते बोलावंसं वाटेल त्या दिवशी बोला. तोवर "बाळ गेलं" हे त्यांना माहीत आहे, आणि ते खोटं नाही.